ताटातला घास आणि हंड्यातले पाणी

दिवाळीची पहिली पणती माणसासाठी नसते, हे आपण बहुतेक विसरून गेलो आहोत. धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन ही सारी मंडळी मागाहून येतात. दारात पहिला दिवा लागतो तो वसुबारसेला, गाय आणि वासरू यांच्यापुढे. माझी आई त्या दिवशी गाईच्या पायांवर पाणी घाली, कुंकू लावी, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी तिच्या तोंडाशी धरी. आम्ही मुले रांगेने उभी राहून तिच्या कपाळाला हात लावून नमस्कार करीत असू. सगळा सोहळा झाल्यावर ती गाय दावे ओढीत दाराबाहेरच्या डबक्याशी जाई आणि तिथले हिरवे पाणी मनसोक्त पिई. तिकडे कोणाचेच लक्ष नसे. पायांवर घातलेले पाणी विहिरीचे आणि पोटात गेलेले डबक्याचे, यात काही विसंगती आहे असे निदान आमच्या घरात तरी कोणाला वाटले नाही. मलाही चाळिशी उलटेपर्यंत वाटले नव्हते.

ते वाटू लागले काठीला आल्यावर. काठी हे नाव पुष्कळांनी होळीमुळे ऐकले असेल. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात हे गाव आहे. जुन्या खानदेशातल्या मेवासी संस्थानांपैकी हे एक. फाल्गुनात इथली राजवाडी होळी पाहायला तीन राज्यांतून माणसे येतात, रात्रभर ढोल घुमतात आणि पहाटे होळी पेटते. त्या एका रात्री गावात मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत मात्र इथे डोंगर, पाडे आणि पाण्याची चिंता एवढेच असते. मी खाली सपाटीवरचा माणूस. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मास्तरकी आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. इतिहासकार नव्हे. तरीही हा लेख इतिहासावर आहे, आणि त्याचे कारण एक कुत्रा आहे.

त्याचे नाव मोत्या. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला, जातीने अस्सल गावठी. माझ्या मुलीने त्याला होळीच्या गर्दीतून उचलून आणले होते. चार वर्षे तो आमच्याबरोबर राहिला. जेवायला बसलो की माझ्या डाव्या हाताशी त्याची जागा. माझ्या ताटातला पहिला घास त्याला द्यायचा, मग मी जेवायचे, असा आमच्या घराचा रिवाजच पडला होता. बायको म्हणायची, “माझ्या हातच्या भाकरीचं कौतुक घरात त्या एकट्यालाच आहे!” तो काय खातो हे घरात सर्वांना ठाऊक होते. तो पाणी कुठे पितो हे मात्र कोणी विचारले असते, तर आम्ही तिघांनीही एकमेकांकडे पाहिले असते. कुत्र्याला काय, वाटेल तिथे पिते!

तो पीत असे आमच्या पाड्यावरच्या हापशाखाली. ही जागा वाचकांनी आपापल्या गावी पाहिली असेलच. वर हापसा, जमिनीच्या खोल पोटातून आलेले थंडगार पाणी. खाली फुटका ओटा आणि त्याच्या भोवती साचलेले थारोळे. त्या थारोळ्यात म्हशी उभ्या राहतात, कोंबड्या चोची बुडवतात, भांडी घासल्याची राख आणि शिते तिथेच पडतात आणि शिते पडली की रात्री उंदीर येतात. चांगले पाणी दोन हात वर असते. पण कुत्र्याला हापसा हापसता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मोत्याने जेवण सोडले. अंग तापले, ओकाऱ्या झाल्या, तिसऱ्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसू लागला. पावसाने रस्ता वाहून गेला होता. तालुक्याच्या गावचे जनावरांचे डॉक्टर मिळेपर्यंत चौथा दिवस उजाडला. त्यांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिले आणि मला विचारले, “घरात याचं मूत कोणी पुसलंय का?” प्रश्न मला विचित्र वाटला. मी म्हणालो, “मुलीनं. दोन दिवस तीच करतेय सगळं.” डॉक्टर म्हणाले, “तिला ताप आला तर एक दिवसही थांबू नका. हा लेप्टो असावा. उंदराच्या मुतातून पाण्यात येतो, पाण्यातून कुत्र्यात, कुत्र्यातून माणसात.”

मोत्या त्याच रात्री गेला. मुलीला सहाव्या दिवशी ताप भरला. आम्हाला आधीच बजावलेले होते म्हणून ती वेळेवर दवाखान्यात पोहोचली, औषध सुरू झाले आणि आठवड्यात ती उठून बसली. त्या आठवड्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही.

मोत्याला पुरताना शेजारचे म्हातारे बाबा कुदळ घेऊन आले होते. खड्डा त्यांनीच खणला. माती लोटून झाल्यावर हात झटकीत ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही त्याला ताटातला घास दिला. हंड्यातलं पाणी नाही दिलं.” त्यांनी ते टोचून म्हटले नव्हते. पाऊस येणार आहे असे सांगावे तसे सहज सांगितले आणि कुदळ खांद्यावर टाकून ते निघून गेले.

ते वाक्य माझ्या डोक्यात बसले. ज्या जनावराला आपण ताटातला घास देतो, त्याला हंड्यातले पाणी का देत नाही? हे कधीपासून असे आहे? मास्तराला दुसरे काय येते? सुटीत पुस्तके गोळा केली आणि शोध सुरू केला.

सुरुवात तर मोठी थोर निघाली. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गिरनारच्या खडकावर जे शिलालेख कोरविले, त्यांतल्या दुसऱ्या लेखात त्याने माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे नमूद केले आहे. वाटेवर विहिरी खणल्या त्या माणसे आणि पशू या दोघांच्या उपयोगासाठी, असे तो स्वच्छ सांगतो. एकाच आज्ञेत दोघांचे औषध आणि दोघांचे पाणी! बावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाने पशूला पाण्याच्या हिशेबात धरले होते. मग तो हिशेब सुटला कुठे?

सुटला असे एकदम म्हणता येत नाही. आपल्या जुन्या विहिरींवर मोट ओतण्याचे थारोळे असे, तशी जनावरांसाठी दगडाची हाळही असे. हाळ बांधणे हे पुण्यकर्म होते. मुंबईतल्या दानशूरांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ज्या दगडी प्याऊ उभारल्या, त्यांतल्या पुष्कळांना खालच्या बाजूस बैल-घोड्यांसाठी कुंड ठेवलेले आढळते. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ १८८३ साली निघाले, तोच हा काळ. पाण्याच्या बाबतीत आपली मंडळी कंजूष नव्हती. पण हाळ भरताना भरणाऱ्याच्या मनात जनावराची तहान असे, जनावराचे आरोग्य नसे. हाळीतले पाणी चार दिवसांचे आहे की आजचे, वर शेवाळ आले आहे की नाही, हे पाहणे पुण्यात मोडत नव्हते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पशूला पाण्यावर मज्जाव नव्हता, हे आपल्या समाजाचे भूषण म्हणून सांगण्याची सोय आपल्याला नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र तिथे ओंजळ भरण्याची बंदी होती. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले. पण प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ हा दिवस आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यावे लागले. त्यानंतर तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले. पाणी शुद्ध की अशुद्ध हे आपण शतकानुशतके कोण प्यायले यावरून ठरवीत आलो. पाण्यात काय आहे यावरून नव्हे. गाईच्या तोंडाने ते बाटत नव्हते, याचा अर्थ गाईची कोणाला काळजी होती असा नाही. पाण्यात डोकावून बघण्याची सवयच आपल्याला नव्हती.

ती सवय जगाला लागली ती भीतीने. लंडनमध्ये १८५४ च्या पटकीच्या साथीत जॉन स्नो या डॉक्टरने एका हापशाकडे बोट दाखविले आणि पाण्यातून मरण येते हे लोकांना हळूहळू पटू लागले. १८५९ मध्ये तिथे फुकट स्वच्छ पाणी देणाऱ्या कारंज्यांसाठी एक मंडळ निघाले. १८६७ साली त्याच मंडळाने आपल्या नावात जनावरांच्या हाळीही घातल्या. त्या दगडी हाळींच्या पायथ्याशी कुत्र्यांसाठी वेगळी बुटकी कुंडे असत. मला हे वाचून त्या कारागिरांचा हेवा वाटला. कुत्र्याची उंची मोजून त्याच्यासाठी दगड घडविणारा माणूस आमच्या हापशाला कधी भेटला नाही.

पण हाळ बांधली की प्रश्न मिटतो असे नाही. घोड्यांना एक भयंकर रोग होतो, त्याला इंग्रज लोक ग्लँडर्स म्हणतात. नाकातून सारखा स्राव वाहतो, अंगावर गाठी फुटतात. त्याचा जंतू १८८२ साली जर्मनीत लोफ्लर आणि शुट्झ यांनी शोधला. आजारी घोडा हाळीत तोंड घालतो आणि त्याच्या मागून पिणारे सगळे घोडे रोग घेऊन घरी जातात, हे ध्यानात आल्यावर अमेरिकेतल्या कित्येक शहरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सार्वजनिक हाळी बंद करून टाकल्या. ज्यांनी दयेपोटी त्या बांधल्या त्यांना काय वाटले असेल! आपल्याकडे गुरांच्या बुळकांडीने असाच हाहाकार केला होता. एका पाणवठ्यावर, एका हाळीवर जमलेली गुरे ती एकमेकांना देत. तिच्यासारख्या साथींवर संशोधन करण्यासाठी सरकारने १८८९ च्या डिसेंबरात प्रयोगशाळा काढली ती आपल्या पुण्यात, आणि १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला हलविली. पुढे लस आली आणि २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आज तिचे नाव फक्त म्हाताऱ्यांच्या शिव्यांत उरले आहे.

हिरव्या पाण्याची गोष्ट तर ऑस्ट्रेलियातून आली. १८७८ साली ॲडलेडच्या जॉर्ज फ्रान्सिस नावाच्या गृहस्थांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला पत्र लिहून कळविले की, अलेक्झांड्रिना नावाच्या सरोवरावर जाड हिरवी साय धरली आहे आणि ते पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, डुकरे आणि कुत्री काही तासांत मरत आहेत. त्यांनी ती साय एका मेंढीला पाजून खात्रीही करून घेतली. ती साय म्हणजे ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यातला एक सूक्ष्म निळसर-हिरवा प्रकार. हे सगळेच विषारी नसतात. पण नुसत्या डोळ्यांनी विषारी कोणते हे ओळखता येत नाही. २०२० साली आफ्रिकेतल्या बोट्स्वानात तीनशेंहून अधिक हत्ती मेले. तेथील सरकारने त्याचा दोष पाणवठ्यांतल्या याच जातीच्या जिवांना दिला. ज्याला हत्ती पुरत नाही, त्याला आमचा मोत्या किती पुरणार? उन्हाळ्याच्या शेवटी डोहातले पाणी आटते, तापते, त्यात शेण आणि खताचा निचरा उतरतो आणि वर हिरवा रंग तरंगू लागतो. तेव्हा कुत्र्याला त्यात पोहायला सोडणेही बरे नव्हे, कारण बाहेर आल्यावर ते अंग चाटते.

मोत्याला नेणाऱ्या रोगाचा इतिहास मी अर्थातच जास्त बारकाईने वाचला. १८९८ साली जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरी कुत्र्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर तिथे कुत्र्यांची साथ पसरली. तेव्हापासून हा रोग ‘स्टुटगार्टचा रोग’ म्हणून कुत्र्यांच्या खाती होता. माणसांतली तीव्र कावीळ आणि ताप यांचे वर्णन वाइल नावाच्या डॉक्टरने १८८६ सालीच केले होते, ते वेगळ्या खाती. दोन्ही खाती एकाच सावकाराची आहेत हे कळायला वेळ लागला. १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांना कोळशाच्या खाणीतल्या मजुरांत तो मळसूत्री जंतू सापडला आणि मग उंदीर, कुत्रा, गुरे, माणूस ही सगळी साखळी उलगडत गेली. उंदीर स्वतः आजारी न पडता महिनोन् महिने तो मुतावाटे टाकीत राहतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो कित्येक आठवडे तग धरतो. मुंबईकरांना हे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोचे रोगी इस्पितळांत येऊ लागले. कुत्र्यांसाठी यावर लस आहे, ती दर वर्षी टोचावी लागते. हे मला मोत्या गेल्यावर कळले.

आता नारूची गोष्ट. ही मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती माझ्या घरची आहे. माझ्या आजीच्या घोट्याजवळ एक सुरकुतलेला पांढरा वण होता. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवून विचारी, “हे काय गं?” ती म्हणे, “इथून नारू निघाला.” पुष्कळ तरुण वाचकांना नारू म्हणजे काय तेही माहीत नसेल, आणि हे त्यांचे भाग्य आहे. सुतासारखा पांढरा, हातभर किंवा त्याहूनही लांब असा हा जंत पायातून फोड फोडून बाहेर येई. आग अशी होई की माणूस धावत जाऊन पाय पाण्यात बुडवी. तो जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोगणती अंथरुणाला खिळे. आजी दोन महिने एका पायावर होती म्हणे, ऐन पेरणीत.

हा शरीरात शिरतो कसा, हे १८७० साली फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने मध्य आशियात शोधून काढले. फोड आलेला पाय पाण्यात पडला की मादी लक्षावधी पिले सोडते. ती पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या टिचभरसुद्धा नसलेल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पिसवेवजा जिवाच्या पोटात जातात. ते पाणी न गाळता प्यायले की एका वर्षाने पायातून नवा जंत. म्हणजे ज्या विहिरीत उतरून पाणी भरायचे तीच नारूची शाळा. आपल्या सुंदर पायविहिरी आणि बारवा पाहून मन प्रसन्न होते, पण पिढ्यान् पिढ्या नारू वाढला तो अशाच पायऱ्यांवर.

त्याच्यावर लस नव्हती, औषध नव्हते. एवढे असून तो गेला! १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडू ही सात राज्ये त्या यादीत होती. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाट बसविले, हापसे खणले, घरोघर पाणी फडक्याने गाळायला शिकविले, पाण्यात औषध टाकले. देशातला शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ साली जगात या रोगाचे अंदाजे पस्तीस लाख रोगी होते. २०२४ साली ते पंधरावर आले. देवीनंतर माणसाचा हा दुसरा रोग पृथ्वीवरून जाणार, अशी सर्वांची खात्री होती.

आणि तिथे कुत्रा आडवा आला. मध्य आफ्रिकेतल्या चाड देशात नारू संपला असे वाटत असतानाच तो पुन्हा दिसू लागला होता, आणि २०१२ मध्ये असे आढळले की शारी नदीच्या काठच्या गावांत तो कुत्र्यांच्या पायांतून निघतो आहे. अगदी तोच नारू, माणसांचा. २०२० साली एकट्या चाडमध्ये दीड हजारांहून अधिक कुत्र्यांना तो झाला होता. काही मांजरांनाही. माणसांचे पाणी गाळले गेले होते. कुत्र्यांचे कोणी गाळले नव्हते. माशांची फेकलेली आतडी आणि बेडूक खाऊनही कुत्र्यांना तो होत असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो अंदाज खरा असो वा नसो, नारू लागलेला कुत्रा तळ्यात पाय घालतो आणि ते तळे पुन्हा सगळ्या गावाचे होते. नारूवरच्या या लढाईत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांची संस्था १९८६ पासून पुढे आहे. शेवटचा नारू आपल्या आधी मरावा अशी त्यांची इच्छा होती. २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी पूर्ण करून, कार्टर गेले. नारू अजून आहे.

मग चाडमधल्या लोकांनी काय केले? कुत्र्यांना मारून टाकणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. गावोगाव लोक आपली कुत्री दावणीला बांधून ठेवू लागले. माशांची आतडी पुरू लागले किंवा जाळू लागले. कुत्र्याच्या पायाला फोड दिसला तर कळविणाऱ्याला बक्षीस ठेवले. आणि बांधलेल्या कुत्र्याला अन्नपाणी त्याच्या जागी नेऊन देणे भागच पडले. हे वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्या दूरच्या नदीकाठी कोणी बाई डोक्यावरून पाणी आणते, घरात ठेवते आणि त्यातलेच थोडे कुत्र्यापुढे ओतते. आमच्या बाबांनी जे मला एका वाक्यात सांगितले, ते तिकडे अख्खी गावे करीत होती.

दुसऱ्या दिवशी मी बाबांकडे गेलो. म्हटले, “बाबा, तुम्ही तुमच्या शेळ्यांना पाणी कुठलं पाजता?” ते हसले आणि मला ओढ्यावर घेऊन गेले. मी इतकी वर्षे त्या ओढ्यावरून जात होतो. पण तिथे दोन झिरे आहेत हे मला दिसले नव्हते. झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत, वाहत्या पाण्यापासून चार पावले बाजूला खणलेला खड्डा. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, मग थोडे थांबायचे. वाळूतून पाझरून काचेसारखे पाणी वर येते. वरचा झिरा माणसांचा, त्याच्याभोवती काट्यांचे कुंपण. खालचा शेळ्यांचा. शेळ्या ओढ्यात सोडायच्या नाहीत, झिऱ्यातले पाणी काढून डालडाच्या जुन्या डब्यात ओतायचे आणि मग पाजायचे. “ओढ्यात पाजल्या तर हगतील तिथंच, आणि तेच पुन्हा पितील,” बाबा म्हणाले. लंडनच्या चेल्सी भागात १८२९ साली जेम्स सिम्प्सन या इंजिनियराने वाळूतून पाणी गाळण्याचे मोठे हौद बांधले आणि शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात आपले नाव कोरले. सातपुड्यातल्या झिऱ्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. पण काम वाळूच करते, दोन्हीकडे. अर्थात झिरा म्हणजे काही उकळलेले पाणी नव्हे, आणि पावसाळ्यात पूर आला की तो बुजूनही जातो. तेव्हा हापसाच खरा.

त्यानंतर आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या. नवे कुत्र्याचे पिल्लू आले, तेही मुलीनेच आणले. त्याला पहिल्या वर्षी लशी टोचून घेतल्या, त्यात लेप्टोचीही. त्याच्यासाठी दाराशी मातीची पसरट परळ आहे. सकाळ-संध्याकाळ तिच्यात हंड्यातले पाणी भरायचे. भरण्यापूर्वी जुने ओतून परळ राखेने घासायची, नाहीतर आतून बुळबुळीत थर धरतो आणि डासांची अंडी होतात, ती वेगळी. परळ सावलीत आणि धान्याच्या कणगीपासून दूर ठेवायची, कारण कणगीपाशी उंदीर. बाहेर निघण्याआधी पिल्लाला पोटभर पाजायचे. तहान नसली की ते डबक्याकडे ढुंकून पाहत नाही, हे मला अनुभवाने कळले आहे. पहिल्या पावसाचे आणि पुराचे पाणी तर त्याच्या तोंडाला लागूच द्यायचे नाही. मांजर मात्र परळीकडे पाहत नाही. तिला माझ्या तांब्यातलेच पाणी लागते, आणि ती ते मी झोपलो असताना पिते. या प्राण्याबद्दल इतिहासही काही करू शकलेला नाही.

शाळेतल्या मुलांना घेऊन आम्ही हापशाखालचे थारोळे एका रविवारी बुजविले. दगड लावले, सांडपाण्याला चर काढून ते परसातल्या पपईकडे वळविले आणि ओट्याच्या कडेला सिमेंटची एक छोटी हाळ केली. तिच्या तळाला भोक ठेवले आहे, रोज बूच काढून ती रिकामी करण्यासाठी. उंची किती ठेवायची यावर मुलांत मोठा वाद झाला. शेवटी एकाने घरून आपला कुत्रा आणला, त्याला ओट्यापाशी उभे केले आणि कोळशाने रेघ मारली. दगड घडविणाऱ्या त्या लंडनच्या कारागिरांची मला आठवण झाली. बूच काढण्याची पाळी पहिले महिनाभर नीट चालली, मग परीक्षा आल्या आणि चालेनाशी झाली. आता पुन्हा चालू केली आहे. पुन्हा बंद पडेल, पुन्हा चालू करू.

परवाच्या वसुबारसेला बायकोने शेजारच्या गाईवासराची पूजा केली. मुलीने पणती लावली. संध्याकाळ झाली होती, डोंगरावरून गार वारा सुटला होता. पिल्लू परळीशी येऊन हुंगू लागले. तेवढ्यात शेळ्या घेऊन बाबा वाटेने चालले होते, ते आमच्या दाराशी थांबले. त्यांनी वाकून परळीत पाहिले, तर्जनी बुडवली, आणि मला न विचारता परळ उचलून पाणी तुळशीत ओतून दिले.

“सकाळचं आहे,” ते म्हणाले. मुलगी हंडा आणायला आत गेली.